सही कोण करणार?

१८६०च्या भारतीय दंड संहितेत एक घोडा आहे. ‘य’ त्या घोड्यावरून फेकला जातो आणि बेशुद्ध होतो. शल्यवैद्य असलेल्या ‘क’ला दिसतं की ‘य’ची कवटी छेदावी लागणार. ‘य’ शुद्धीवर येऊन विचार करू लागण्याआधीच, त्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने ‘क’ शस्त्रक्रिया उरकतो. कायदा सांगतो, ‘क’ने गुन्हा केलेला नाही. कलम ९२खालचं हे उदाहरण. १ जुलै २०२४ला दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ३० झाला. घोडा मात्र जागचा हलला नाही.

खानदेशात घोड्याच्या जागी मोटारसायकल घातली की चित्र पुरं होतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर ही गावं त्यातल्या दुसऱ्या रस्त्यावरची. अंधार पडताना शेतातून परतणारा माणूस ट्रॉलीला धडकतो, डोक्याला मार लागतो, मेंदूवर रक्त साचू लागतं. त्याला ‘सिव्हिल’ला आणून टाकणारा कोणी वाटसरू असतो. थोरला मुलगा सुरतेला उधन्यात, धाकटा पुण्याला, बायको गावात आणि तिच्याजवळ फोन नाही. संमतीपत्रावर सही कोण करणार?

अशा वेळी कोणाचीही सही नसली तरी चालते. नुकसान टाळायला उपचार तातडीचे असतील, रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नसेल आणि त्याच्या वतीने बोलू शकणारं माणूस वेळेत सापडण्यासारखं नसेल, तर डॉक्टरने पुढे जावं. ‘नातेवाईक आल्याशिवाय हात लावत नाहीत’ हा समज गावोगाव पक्का बसलाय आणि काही दवाखान्यांनी तो आपल्या सोयीसाठी जपलाही आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच सांगितलं, की जीव वाचवण्याचं काम पोलिसी सोपस्कारांसाठी थांबवता येणार नाही. रस्त्यावरून जखमीला उचलून आणणाऱ्या माणसालाही आता मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

लकव्याच्या झटक्यात घड्याळ आणखी कडक असतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास दवाखान्यात पोहोचल्यापासून मोजत नाहीत, पहिलं लक्षण दिसल्यापासून मोजतात. माणूस झोपेतून उठतानाच लुळा आढळला, तर तो शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ धरतात. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरून जळगाव-धुळ्याला पोहोचेपर्यंत त्यातला बराच वेळ वाटेत गेलेला असतो. म्हणून सोबत आलेल्या नातेवाइकाचं पहिलं काम सही करणं नव्हे. बरोबर वेळ सांगणं, रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत आणणं आणि रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे का ते सांगणं, हे आधी.

घोड्याचं उदाहरण इथवर पुरतं. खरी अडचण त्यापुढची. जीव तूर्त वाचला आहे, माणूस आयसीयूत आहे, शुद्ध नाही किंवा अर्धवट आहे आणि आता दर दिवशी काहीतरी ठरवायचं आहे. गळ्यात छिद्र पाडायचं का, डायलिसिस लावायचं का, पाय कापायचा का, नाशिक-पुण्याला हलवायचं का. आता सगळे नातेवाईक आलेले असतात, कायदा मात्र गप्प असतो.

तो खरोखरच गप्प आहे. सज्ञान माणसाच्या रोजच्या उपचारांबाबत आधी बायको, मग मुलगा, मग भाऊ असा क्रम लावून देणारा कोणताही सर्वसाधारण कायदा भारतात नाही. मानसिक आजार, अवयवदान अशा मोजक्या बाबींत तो आहे, बाकी रिवाज. डॉक्टरांच्या वर्तनासाठी वैद्यक परिषदेने २००२मध्ये केलेल्या नियमावलीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या लेखी संमतीचं कलम आहे. त्यात पती किंवा पत्नी आधी, अज्ञानाच्या बाबतीत आईवडील किंवा पालक नंतर आणि स्वतः रुग्ण सर्वांत शेवटी येतो. नियम लिहिणाऱ्याच्या मनात रुग्णाची जागा कुठे होती ते त्या क्रमावरून कळतं.

न्यायालयाने तो क्रम उलटवला आहे. १९९५मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले. समीरा कोहली खटला म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. १६ जानेवारी २००८ला सर्वोच्च न्यायालयाने आईची संमती निरर्थक ठरवली. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. मग थांबून तिलाच विचारायचं होतं. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हे न्यायालयानेही मानलं, पण चांगल्या हेतूने परवानगीची जागा भरून निघत नाही. भरपाईची रक्कम फार नव्हती. तत्त्व मोठं होतं: शरीर ज्याचं, हो-नाही त्याचं. तात्पुरती शुद्ध हरपली म्हणून तो हक्क आईकडेही जात नाही.

हे तत्त्व घेऊन आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून पाहावं. आबा पूर्ण शुद्धीत आहेत, पेपर वाचताहेत, कापसाचा भाव विचारताहेत. त्यांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला आहे आणि थोरला मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, “साहेब, आबांना काही सांगू नका. काय असेल ते आमच्याशी बोला.” डॉक्टर मान डोलावतात. शस्त्रक्रिया, केमो, सगळं मुलाच्या सहीने ठरतं. इथे संमती देता न येणारा रुग्ण नाहीच. त्याला तसं बनवलं गेलं आहे. यात माया आहे हे खरं, पण मुलांना स्वतःला ते बोलणं पेलणार नाही, हेही तितकंच खरं आहे. मला विचाराल तर आपल्या भागात परस्पर घेतले जाणारे निर्णय बेशुद्ध माणसांपेक्षा अशा शुद्धीतल्या माणसांबाबतच जास्त होतात.

म्हणून कोणाच्याही वतीने ठरवायला बसण्याआधी त्याला खरंच ठरवता येत नाही का, हे पाहावं लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याची सोपी कसोटी दिली आहे: माणसाला सांगितलेली माहिती समजते का, हो किंवा नाही म्हटल्याने काय होईल हे त्याला उमगतं का, आणि बोलून, हावभावाने किंवा खुणेने तो आपलं म्हणणं पोहोचवू शकतो का. मेंदूच्या डाव्या बाजूच्या झटक्यात वाचा जाते, समज पुष्कळदा राहते. म्हाताऱ्या माणसाला तापात रात्री भ्रम होतो, सकाळी आठ वाजता तोच माणूस नातवाची फी भरली का म्हणून विचारतो. त्याला सकाळी विचारावं.

आणि त्याच्या बोलीत विचारावं. सातपुड्याच्या पायथ्याकडून, यावल-चोपडा-शिरपूरकडून येणाऱ्या पावरा किंवा भिल्ल रुग्णाला पुस्तकी मराठीत ‘तुम्हाला शस्त्रक्रियेची जोखीम मान्य आहे का’ असं विचारलं, तर तो गप्प राहतो. केसपेपरवर ‘प्रतिसाद नाही’ लिहिलं जातं. अहिराणी बोलणारी आजी ‘कन्सेंट’ या शब्दापाशीच थांबते, पण “माय, पाय कापना पडी, कापूत का नही?” असं विचारलं तर अर्धा तास बोलते. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८मध्ये सुरू झालं, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दोन्हीकडे या बोली बोलणारे शिपाई, परिचारिका, मामा-मावशी असतातच. त्यांना हाक मारायला खर्च येत नाही.

आता समजा, माणूस खरोखरच बोलू शकत नाही. व्हरांड्यात सभा भरते. थोरला येईपर्यंत थांबायचं, असं ठरतं. थोरला येतो, तो वर्षातून दोनदा गावी येणारा असतो. गेली चार वर्षं आबांना आंघोळ घालणारी, गोळ्या देणारी सून पाण्याची बाटली घेऊन भिंतीला टेकून उभी असते. मुलगी माहेरचं माणूस असूनही ‘तिचं काय, ती परक्या घरची’ म्हणून बाजूला. गावचे जिभाऊ कोणा ओळखीच्या डॉक्टरला फोन लावून देतात. मग सगळे मिळून म्हणतात, “तुम्हीच देखा साहेब, तुम्ही म्हनशात तसं करूत.” डॉक्टर म्हणतात, “निर्णय तुमचा.” दोन्ही बाजू चेंडू टोलवत राहतात आणि व्हेंटिलेटर चालू राहतं.

या सभेत चुकीचा प्रश्न विचारला जातो. ‘तुम्हाला काय करायचंय?’ असं नातेवाइकांना विचारलं की उत्तर कधीच मोकळं येत नाही. मुलगा ‘बस झालं’ म्हणाला तर बापाला मारला, ‘सगळं करा’ म्हणाला तर जमीन विकली. भावकी दोन्ही बाजूंनी बोलते. प्रश्न असा हवा: आबा आत्ता पाच मिनिटं शुद्धीवर आले, त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर ते काय म्हणतील? इथे मुलगा निर्णयाचा मालक राहत नाही. तो बापाच्या मनाचा साक्षीदार होतो, आणि साक्ष द्यायची म्हटल्यावर त्या सुनेचं म्हणणं सुरतेहून आलेल्या थोरल्यापेक्षा वजनदार ठरतं.

साक्षीला पुरावा लागतो, आणि तो बहुतेक घरांत असतो. शेजारचे बापू सहा महिने नळ्या लावून पडले होते, तेव्हा त्यांना भेटून आल्यावर आबा ओट्यावर बसून काय म्हणाले? “माले दवाखानामा सडू देऊ नका” असं कोणासमोर म्हणाले? की उलट, “शेवटलोंग लढानं” म्हणणारा माणूस होता? एका पायावर जगणं त्यांना चाललं असतं का? माणसं ओळखू न येणं चाललं असतं का? कोणाला जेवणाची गोडी जाणं सोसत नाही, कोणाला परावलंबन सोसत नाही. काहीच पुरावा नसेल, तर मग त्याच्या हिताचा विचार: वेदना किती, आशा किती, आणि आशा कशाची. डॉक्टरांना ‘वाचतील का’ एवढंच न विचारता ‘वाचले तर कसे असतील’ हे विचारलं पाहिजे. बोलतील का, घास गिळतील का, ओळखतील का? उत्तर अनिश्चित असेल तर मुदत बांधून घेता येते: तीन दिवस पूर्ण उपचार, मग या-या गोष्टी सुधारल्या का ते पाहून पुन्हा बसू. या एका वाक्याने व्हरांड्यातले बरेच वाद शांत होतात.

नातेवाइकांची साक्ष तरी किती खरी? २००६मध्ये शॅलोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रुग्ण आणि त्याचा नातेवाईक, दोघांना वेगवेगळं बसवून, काल्पनिक आजारपणं सांगून, रुग्णाला काय हवं असेल ते विचारलेलं होतं. नातेवाइकांची उत्तरं ६८ टक्के वेळा जुळली. म्हणजे दर तीन निर्णयांत एक चुकला. रुग्णाने स्वतः निवडलेला प्रतिनिधी असो वा दोघांचं आधी बोलणं झालेलं असो, अचूकता फारशी वाढली नव्हती. घरात एकदा बोलून ठेवलं की सगळं सुटतं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने (माझ्यासकट) हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. तरीही मी बोलण्याच्याच बाजूने आहे. न बोललेल्या घरात भाऊ एकमेकांशी भांडतात, बोललेल्या घरात निदान आबांच्या एका वाक्याच्या अर्थावरून भांडतात. त्या भांडणात आबा असतात.

अमेरिकेत टेरी शायव्हो या बाईबाबत नवरा आणि आईवडील वर्षानुवर्षं न्यायालयात लढले. अन्न भरवण्याची नळी काढावी, तिला असं जगायचं नव्हतं, असं नवऱ्याचं म्हणणं. आईवडिलांचं बरोबर उलट. तिने काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. ३१ मार्च २००५ला ती गेली, तोवर गव्हर्नर, संसद आणि राष्ट्राध्यक्ष त्या एका खाटेभोवती जमले होते.

याच्या अगदी उलट टोकाला विनोबा. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती टिपली, हे खानदेशात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. भेटायला आलेल्यांनी विनवण्या केल्या, त्यांनी ऐकलं नाही. तो निर्णय पटो न पटो, तो कोणाचा होता याबद्दल शंका नव्हती. आश्रमातल्या कोणालाही अंदाज करावा लागला नाही.

अंदाज करावा लागला तो मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ला अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, कुत्रा बांधायच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर ती तब्बल ४१ वर्षं केईएमच्याच वॉर्डात पडून होती. नातेवाइकांचं येणं हळूहळू थांबलं. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे परिचारिकांच्या पिढ्यांनी केलं. पहिल्या पिढीतल्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, तिला कधी चालताना न पाहिलेल्या मुलींनी काम उचललं. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या, हे जगणं नव्हे, अन्न थांबवू द्या. परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही सांभाळतोय, सांभाळू द्या.

७ मार्च २०११च्या निकालात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्यासमोर मुख्य पेच दयामरणाचा होता. माझ्या मते त्या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग दुसराच आहे: तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला? रक्ताचे नातेवाईक दूर. लेखिकेला तिच्याबद्दल आस्था होती, हे न्यायालयाने मान्य केलं, पण जवळीक नव्हती. न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा अधिकार मानला, कारण वर्षानुवर्षं रात्रंदिवस शुश्रूषा त्यांनी केली होती. याचिका फेटाळली गेली, पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ला न्यूमोनियाने अरुणा गेली. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुनेच्या बाजूने उभा राहणारा दाखला मला तरी या निकालाइतका दुसरा दिसत नाही.

पुढची पायरी ९ मार्च २०१८ला आली. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीत असताना आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला कायद्याचं बळ दिलं. पण कार्यपद्धती इतकी किचकट होती, की तिच्यातून जाईपर्यंत रुग्णच जात असे. २४ जानेवारी २०२३ला ती सोपी केली गेली. आता रुग्णालयात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ बसतं आणि शक्यतो ४८ तासांत मत देतं. मग त्या मंडळात नसलेल्या तज्ज्ञांचं दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्हींचं एकमत आणि कुटुंबाची संमती असली की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून उपचार थांबवता येतात. आजार बरा होण्यापलीकडचा असला पाहिजे, हे अर्थात गृहीत. रुग्णाने काही लिहून ठेवलं नसेल तरी हीच वाट कुटुंबाला खुली आहे. मतभेद झाले तर उच्च न्यायालय. जळगाव-धुळेकरांसाठी ते छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

ही वाट फार थोडे लोक वापरतात. रोज वापरली जाते ती वाट वेगळी, आणि तिला खानदेशातल्या दवाखान्यांत सगळे ‘डामा’ म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो, जबाबदारी आमची, असं लिहून द्यायचं. पैसे संपले, आशा संपली, दोन्हींपैकी काय आधी संपलं ते कोणी विचारत नाही. हाताने दाबायच्या फुग्यावर श्वास देत ॲम्ब्युलन्स गावाकडे निघते, घराच्या ओट्यावर गंगाजळ तयार असतं, फुगा थांबतो. माणूस आपल्या माणसांत गेला याचं समाधान मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्या शेवटच्या तासांत धाप कमी करणारं औषध नसतं, डॉक्टर नसतो आणि मुलाच्या मनात कायमचं राहतं की सल्ला मोडून मी बापाला आणलं. कायद्याच्या वाटेने हेच घडलं असतं तर डॉक्टरांनीच सांगितलं असतं की आता थांबणं योग्य आहे, वेदनाशमन चालू राहिलं असतं आणि ओझं एकट्या सहीवर पडलं नसतं. दोन मंडळं बसवायला रुग्णालयांना कागदपत्रांची कटकट वाटते, म्हणून ती ‘डामा’चा फॉर्म पुढे सरकवतात. हे सोपं असेल, प्रामाणिक नाही. आणि बरा होऊ शकणारा रुग्ण केवळ पैशापायी घरी नेला जात असेल, तर तिथे चर्चा मरणाची नकोच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी जावं, सिव्हिलला हलवता येईल का ते आधी पाहावं.

जन्मतः बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींचा प्रश्न निराळा. अठरा पूर्ण झाली की आईवडीलही कायद्याने त्यांचे आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना ठाऊकच नसतं. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. हे अर्ज आजारपण येण्याआधी करावेत. पालकत्वाचा अर्थ मात्र काहीही करायची मुभा असा नाही. १९९४मध्ये शिरूरच्या शासनमान्य वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या काळातल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा कळलं, की सांभाळणाऱ्यांच्या सोयीला ‘रुग्णाचं हित’ हे नाव किती सहज देता येतं. २००९मध्ये चंदिगढच्या शासकीय आश्रयगृहातल्या अशाच एका तरुणीच्या गर्भपाताला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, कारण तिला मूल हवं होतं आणि तसं ती सांगू शकत होती.

मानसिक आजारासाठी वर सांगितलेल्या २०१७च्या कायद्यात आपला प्रतिनिधी आधीच नेमता येतो. तेवढं सांगून पुढे जातो, कारण आणखी एका गैरसमजावर बोलायलाच हवं. पुष्कळ वडीलधारी माणसं म्हणतात, “मी मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता चिंता नाही.” १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्या दिवशी तो रद्दी होतो. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या माणसाचं बँक खातं, शेत, विम्याचा पैसा यांसाठी पालक नेमणारा वेगळा कायदाच नाही. बायकोलासुद्धा उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९मध्ये यासाठी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली, मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये त्यांचा आधार घेऊन एका पत्नीला कोमातल्या पतीची पालक नेमलं. नवरा आयसीयूत आणि बायको अजिंठ्याचा घाट ओलांडून खंडपीठाच्या तारखांना, अशी वेळ कोणावर येऊ नये. निदान संयुक्त खातं तरी असावं.

वैद्यकीय इच्छापत्राला मुखत्यारपत्राची ही अडचण नाही. वकील लागतोच असं नाही. अठरा वर्षांवरच्या, भान शाबूत असलेल्या कोणालाही साध्या कागदावर लिहिता येतं: बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, कोणते हवेत आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. नावं एकापेक्षा जास्त देता येतात. त्यात फक्त थोरल्याचंच नाव घालू नका. जो तुम्हाला रोज पाहतो, त्याचं घाला. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, शक्यतो घराबाहेरच्या. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन करून घ्या. मत बदललं तर कागद कधीही बदलता येतो. एक प्रत ज्यांची नावं घातली त्यांना, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतल्या, ही इच्छापत्रं सांभाळणाऱ्या अभिरक्षकाकडे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर राज्यात असे चारशेहून अधिक अभिरक्षक नेमले गेले आहेत. तुमच्या पालिकेतल्या टेबलावरच्या माणसाला त्याची कल्पना नसण्याची शक्यता बरीच आहे. तो म्हणेल, असं काही आमच्याकडे येत नाही. तिथून परत फिरू नका. अर्ज आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच घरी या.